राउटरला यूएसबी डिस्क: आधी वीज, मग फॉरमॅट, जोडणी त्यानंतरच

राउटरला डिस्क लावली की तिच्यातल्या फाइली घरातल्या लॅपटॉप, फोन आणि टीव्हीवर वाय-फायवरून उघडता येतात. म्हणून राउटरच्या मागे यूएसबीचा पोर्ट दिसला की बहुतेक जण एकच करतात. कपाटात पडलेली पोर्टेबल डिस्क काढतात, पोर्टमध्ये घालतात आणि ती लॅपटॉपवर दिसायची वाट बघत बसतात. कधी ती दिसतच नाही. कधी दिसते, दोन दिवस नीट चालते आणि नेमकी लग्नाचा व्हिडिओ कॉपी होताना गायब होते. मग राउटर रीसेट होतो, घरातल्या प्रत्येक फोनवर वाय-फायचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो, आणि मूळ दोष होता तिथेच राहतो.

हा दोष बहुधा डिस्क लावण्याच्या आधीच्या तीन गोष्टींत असतो: पोर्टला मिळणारी वीज, डिस्कचं फॉरमॅट (तिच्यावर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आणि घरातल्या नेटवर्कची मांडणी. म्हणून खालचा क्रम मोडू नका. डिस्क राउटरला लागते ती पाचव्या टप्प्यावर. मेनूंची नावं प्रत्येक कंपनीच्या राउटरवर थोडी वेगळी असतात, पण क्रम सगळीकडे हाच.

## १. डिस्क आधी कंप्युटरवर तपासा

डिस्क जुनी असेल तर तिच्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, कारण पुढे ती फॉरमॅट करायची आहे. विंडोज लॅपटॉपवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. डिस्कच्या प्रकृतीपुढे ‘गुड’ दिसलं तर पुढे जा. ‘कॉशन’ आलं तर ती डिस्क राउटरला लावू नका. राउटर चोवीस तास चालू असतो, आणि आजारी डिस्क चोवीस तास राबवणं म्हणजे फोटो गमावण्याची तयारी.

पेनड्राइव्ह किंवा डिस्क लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून किंवा ऑनलाइन फारच स्वस्तात घेतली असेल तर एक चाचणी टाळू नका. खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह बाजारात भरपूर आहेत. कंप्युटरला ते १ टीबी सांगतात, आत चिप असते ३२ जीबीची. भरताना तक्रार होत नाही, उघडताना फाइली फुटलेल्या निघतात. एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क लिहून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

डिस्कवर विंडोजचं बिटलॉकर किंवा डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं पासवर्डचं कुलूप असेल तर ते आत्ताच काढा. घरगुती राउटरला अशी कुलूपबंद डिस्क उघडता येत नाही.

## २. वीज पुरते का ते बघा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच दिलं जातं.

यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलीअँपिअर. अडीच इंची पोर्टेबल हार्डडिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिची मागणी ९०० मिलीअँपिअर ते १ अँपिअरपर्यंत जाऊ शकते. एकदा फिरायला लागली की मागणी उतरते. म्हणूनच काही डिस्क लागताना धडपडतात आणि लागल्यावर ठीक चालतात, निदान झोपी जाऊन पुन्हा जाग्या होईपर्यंत.

आता राउटरचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असेल तर एकूण १२ वॉट. त्यातला निम्म्याहून जास्त भाग राउटर स्वतःसाठी घेऊ शकतो, विशेषतः दोन्ही बँडवर घरातले सगळे फोन एकदम चालू असताना. उरलेल्यात हार्डडिस्कचे साडेचार-पाच वॉट बसवायचे म्हणजे काठावरचा हिशेब. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर चिंता कमी.

वीज कमी पडल्याची लक्षणं अशी: डिस्कमधून टिक-टिक असा ठरावीक आवाज येणं, दिवा लागणं-विझणं, छोट्या फाइली जाणं पण मोठी कॉपी मध्येच तुटणं, आणि सगळ्यांत फसवं लक्षण म्हणजे डिस्क जागी होताना राउटरच रीस्टार्ट होणं. घरातले म्हणतात ‘नेट गेलं’, केबलवाल्याला फोन जातो, आणि तो येईपर्यंत नेट परत आलेलं असतं.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

पहिला, हार्डडिस्कऐवजी एसएसडी किंवा चांगला पेनड्राइव्ह वापरा. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे सुरुवातीचा तो धक्का नसतो. फोटो आणि कागदपत्रं एवढंच ठेवायचं असेल तर २५६ जीबीचा बऱ्यापैकी पेनड्राइव्ह पुष्कळ झाला.

दुसरा, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा. पण हब स्वस्तातला नको. काही हलके हब स्वतःची ५ व्होल्ट वीज उलटी राउटरच्या पोर्टमध्ये सोडतात. तपासायला सोपं आहे: हब चालू ठेवून राउटरचा अ‍ॅडॉप्टर काढा. राउटरचा एखादा दिवा मिणमिणत राहिला तर तो हब परत करा.

तिसरा, साडेतीन इंची डिस्क स्वतःच्या १२ व्होल्ट अ‍ॅडॉप्टरसह. मोठ्या संग्रहाला हीच योग्य.

सावधान: पिनला पिन बसते म्हणून राउटरला दुसऱ्याच उपकरणाचा अ‍ॅडॉप्टर लावू नका. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, पिनची धन-ऋण दिशाही तीच. अँपिअर मात्र जास्त चालतात.

मुंबईत बऱ्याच घरी आता राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असतो. तो असेल तर हा हिशेब पुन्हा करा, कारण त्या यूपीएसचीही अँपिअरची मर्यादा असते आणि डिस्कचा भार तो विकत घेताना धरलेला नसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे राउटर यूपीएसवर आणि हब किंवा डिस्क भिंतीतल्या सॉकेटवर. वीज जाते तेव्हा राउटर जिवंत राहतो, लिहिणं चालू असतं आणि डिस्क खालून निघून जाते. दोन्ही यूपीएसवर ठेवा, नाहीतर दोन्ही भिंतीवर. वेगळं करू नका.

तपासा: डिस्क लावण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर, यूपीएसवरचे अँपिअर आणि डिस्कच्या लेबलवरचे अँपिअर हे तिन्ही कागदावर लिहून घेतलेत का?

## ३. फॉरमॅट ठरवा आणि भरणा इथेच करून घ्या

‘घरात मॅक आहे, फोन आहेत, म्हणून सगळ्यांना चालेल असं एक्सफॅट केलं’ हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. त्यामागचा विचारच चुकीचा आहे. डिस्क राउटरला लागली की तिचं फॉरमॅट फक्त राउटरने वाचायचं असतं. मॅक, फोन, टीव्ही हे सगळे राउटरशी नेटवर्कवरून बोलतात, त्यांना आतलं फॉरमॅट कळतही नाही. म्हणून प्रश्न दोनच: राउटर काय वाचू-लिहू शकतो, आणि उद्या डिस्क काढून थेट कंप्युटरला लावायची झाली तर तो कंप्युटर कोणता?

फॅट३२ प्रत्येक राउटर वाचतो, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. तासाभराचं फोर-के चित्रीकरण सहज त्यापुढे जातं. छोट्या पेनड्राइव्हपुरतं ठीक.

एक्सफॅटला ही मर्यादा नाही, पण त्यात जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद ठेवली जात नाही. वीज अचानक गेली तर फोल्डरची यादीच बिघडू शकते. शिवाय लिनक्सच्या मूळ गाभ्यात एक्सफॅट २०१९मध्ये, ५.४ या आवृत्तीपासून आलं. घरगुती राउटर आतून बहुधा लिनक्सवरच चालतात आणि अनेकांवरचं लिनक्स त्याहून कितीतरी जुनं असतं. तिथे एक्सफॅट चालेलच असं नाही.

एनटीएफएसला जर्नल आहे, मोठ्या फाइली चालतात, विंडोजवर थेट उघडते आणि यूएसबी असलेले बहुतेक राउटर ते लिहू शकतात. विंडोज असलेल्या घरात माझा कल याच्याकडे. एकच लक्षात असू द्या, मॅकला ही डिस्क थेट जोडली तर ती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही.

ईएक्सटी४ राउटरच्या दृष्टीने उत्तम, कमकुवत प्रोसेसरवर बहुधा सगळ्यांत वेगवानही. पण विंडोज ते सरळ उघडत नाही. डिस्क कायम राउटरलाच राहणार असेल आणि घरात लिनक्स हाताळणारं कुणी असेल तरच हे निवडा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारलेलं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र दुसरा विचार करू नये.

निर्णय झाला की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा आणि डिस्कवर एकच विभाग (पार्टिशन) करा. अनेक राउटर फक्त पहिलाच विभाग दाखवतात. डिस्क २ टीबीपर्यंतची असेल तर विभागांची नोंद ठेवण्याची एमबीआर ही जुनी पद्धत ठेवा. त्याहून मोठीला जीपीटी ही नवी पद्धत लागते आणि ती अनेक जुन्या राउटरना वाचता येत नाही. म्हणून ४ टीबीची डिस्क विकत घेण्यापूर्वीच राउटरच्या माहितीपत्रकात कमाल क्षमता बघा. डिस्कला नाव द्या ते छोटं, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही: पहिला मोठा भरणा इथेच, थेट कंप्युटरवरून करून घ्या. आपल्याकडच्या स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ११-१२ एमबी. १०० जीबी फोटो त्यातून जायला सुमारे अडीच तास. तीच डिस्क यूएसबी ३.०ने लॅपटॉपला लावली तर ते काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचं.

भरणा झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढा. विंडोजने एनटीएफएस डिस्क नीट बंद केली नाही तर तिच्यावर ‘अपूर्ण’ अशी खूण राहते. ती खूण दिसली की राउटर डिस्क घेत नाही किंवा फक्त वाचण्यापुरती घेतो, आणि माणूस तासभर परवानग्यांच्या मेनूत चूक शोधत बसतो.

तपासा: डिस्क इजेक्ट केली, पुन्हा लावली, एक फोल्डर उघडला, पुन्हा इजेक्ट केली. मगच पुढे.

## ४. राउटर तयार करा

राउटरची सेटिंग्ज जिथे बदलतात त्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड हवा. अनेक घरांत राउटर केबलवाल्याच्या माणसाने लावून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक. आधी तो मागून घ्या आणि लगेच बदला. ज्याच्याकडे राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड, त्याच्याकडे उद्या तुमची डिस्क.

मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. हे डिस्क लावण्याआधीच करायचं, कारण अपडेटच्या शेवटी राउटर स्वतः रीस्टार्ट होतो आणि डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ते तुटतं. शिवाय यूएसबी आणि शेअरिंगच्या निम्म्या अडचणी नव्या फर्मवेअरनेच सुटतात. अपडेटपूर्वी सेटिंग्जची प्रत उतरवून ठेवा.

यानंतर नेटवर्कची मांडणी. घरी केबलवाल्याचा फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला तुमचा राउटर असे दोन असतील तर नीट बघा. दोघेही वाय-फाय सोडत असतील आणि डिस्क तुमच्या राउटरला असेल, तर डब्याच्या वाय-फायवर असलेल्या फोनला डिस्क कधीच दिसणार नाही. ते दोन वेगळे नेटवर्क आहेत. ओळखायचं कसं? तुमच्या राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १९२.१६८ने सुरू होत असेल तर पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे. सोपा उपाय म्हणजे डब्याचं वाय-फाय बंद करून सगळं घर एकाच राउटरवर आणणं.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय असेल तर त्यावरूनही डिस्क दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. ते तसंच राहू द्या.

सावधान: डबा आणि राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर तुमच्या राउटरचा बदलून १९२.१६८.५.१ असा काही करा. नाहीतर अ‍ॅडमिन पान उघडेल एकाचं आणि सेटिंग शोधाल दुसऱ्याचं.

## ५. आता डिस्क लावा

राउटर चालू असू द्या. डिस्क सपाट जागी ठेवा. भिंतीवर टांगलेल्या राउटरला केबलच्या आधाराने लोंबणारी हार्डडिस्क बऱ्याच घरांत दिसते, ती एके दिवशी पडतेच. माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवायची असेल तर दार थोडं उघडं राहील अशी सोय करा. तासाभराने हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर जागा बदला. समुद्राकडच्या खिडकीखालची जागा टाळा. खाऱ्या दमट हवेने पोर्टचे संपर्क दोन पावसाळ्यांत हिरवे पडू लागतात.

मिनिटभर थांबा. मग अ‍ॅडमिन पानावर यूएसबीच्या भागात डिस्कचं नाव आणि क्षमता दिसायला हवी. नाव दिसतं पण क्षमता शून्य, असं असेल तर फॉरमॅट राउटरला कळलेलं नाही, तिसऱ्या टप्प्याकडे परत जा. काहीच दिसत नसेल तर दुसरी केबल लावून बघा. फोन चार्ज करायच्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती जातच नाही.

## ६. कोणाला काय दिसावं

बहुतेक राउटर डिस्क लागताच ती पासवर्डशिवाय सगळ्यांना उघडी करतात. घरात आधार, पॅन, बँकेच्या पासबुकांचे फोटो त्याच डिस्कवर असतात, म्हणून हे पहिल्यांदा बंद करा. ‘सिक्युअर शेअरिंग’ किंवा ‘ऑथेंटिकेशन’ असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते चालू करा.

दोन वापरकर्ते पुरतात. एक तुमचा, लिहिण्या-वाचण्याचा. दुसरा टीव्ही आणि मुलांसाठी, फक्त वाचण्याचा. शेअरिंगसाठी अ‍ॅडमिनचाच पासवर्ड वापरायला सांगणारे राउटर असतात. तिथे वेगळा वापरकर्ता करण्याची सोय आहे का ते शोधा. नसेल तर तो पासवर्ड टीव्हीत टाकू नका.

सावधान: टीव्हीला नेटवर्कवरून फोटो-व्हिडिओ पुरवणाऱ्या डीएलएनए किंवा ‘मीडिया सर्व्हर’ला सहसा पासवर्ड नसतो. तो चालू केला की वाय-फायवरचा कुणीही त्या फोल्डरमधले फोटो-व्हिडिओ बघू शकतो. म्हणून त्याला अख्खी डिस्क देऊ नका, फक्त सिनेमा-गाण्यांचा एक फोल्डर द्या.

## ७. लॅपटॉप, फोन आणि टीव्हीवरून उघडा

विंडोजमध्ये ‘नेटवर्क’ खिडकीत डिस्क आपोआप उगवेल म्हणून थांबू नका. रनची चौकट उघडा आणि दोन बॅकस्लॅश देऊन राउटरचा पत्ता टाका: \\१९२.१६८.१.१, अर्थात इंग्रजी अंकांत, आणि चौथ्या टप्प्यात पत्ता बदलला असेल तर तो नवा. वापरकर्ता आणि पासवर्ड सहाव्या टप्प्यातला. उघडलं की शेअरवर (राउटरने नेटवर्कवर दिलेल्या फोल्डरवर) उजवी क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करा, म्हणजे पुढच्या वेळी ते एखाद्या साध्या ड्राइव्हसारखं दिसेल.

उघडलं नाही तर या क्रमाने बघा.

पासवर्ड बरोबर असून नाकारला जात असेल तर विंडोजने आधीचा चुकीचा पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून राउटरची नोंद पुसा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

पासवर्डशिवायचा शेअर नाकारला जात असेल तर ते विंडोजने मुद्दाम केलेलं आहे. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ या आवृत्तीपासून पाहुणा म्हणून आत जाणं बंद आहे. सुरक्षा ढिली करण्यापेक्षा राउटरवर वापरकर्ता करा.

‘हा शेअर एसएमबी१ मागतो’ अशा अर्थाचा संदेश आला तर थांबा. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची पद्धत, एसएमबी१ ही तिची जुनी आवृत्ती. इथे लोक नेटवरचा पहिला सल्ला वाचून लॅपटॉपवर एसएमबी१ चालू करतात. करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १०मधून ती पद्धत काढून टाकायला सुरुवात झाली. राउटरच्या सेटिंगमध्ये एसएमबी२ किंवा ३ निवडता येतं का बघा, फर्मवेअर पुन्हा तपासा. राउटर तिथेच अडकलेला असेल तर घरातल्या घरात एफटीपी ही फाइली पाठवण्याची दुसरी पद्धत वापरा, दुसरीकडे कुठेही नसलेला पासवर्ड देऊन. ऑफिसचा लॅपटॉप घरी येतो त्या घरांनी तर एसएमबी१चा विचारही करू नये.

मॅकवर फाइंडरमध्ये ‘गो’ मेनूतून ‘कनेक्ट टू सर्व्हर’, आयफोनवर ‘फाइल्स’ अ‍ॅपमधल्या तीन टिंबांत हीच सोय. अँड्रॉइडवर एसएमबी उघडणारा फाइल मॅनेजर लागतो. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर फोनवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर दोन्हीकडे शेअरमधला व्हिडिओ सरळ चालवतो. टीव्हीच्या डीएलएनएपेक्षा मला तोच बरा वाटतो, कारण पासवर्ड घेतो आणि सबटायटल नीट दाखवतो.

## ८. विश्वास टाकण्याआधी चार चाचण्या

पहिली: ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल लॅपटॉपवरून पाठवा, परत उतरवा आणि उघडून बघा. फॉरमॅट आणि वीज दोन्हींची परीक्षा एकदम होते.

दुसरी: ‘गणपती विसर्जन’ अशा देवनागरी नावाचा फोल्डर करा आणि तो फोनवर कसा दिसतो बघा. काही जुन्या फर्मवेअरवर, विशेषतः फॅट३२ डिस्कवर, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तसं झालं तर पाच हजार फोटो चढवण्याआधी कळलेलं बरं. फर्मवेअर किंवा फॉरमॅट बदला, नाहीतर नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा.

तिसरी: राउटर मेनूमधून रीस्टार्ट करा. डिस्क आपणहून परत यायला हवी, तीही त्याच शेअर-नावाने.

चौथी: रात्रभर काही न करता राहू द्या आणि सकाळी एक फोटो उघडा. डिस्क झोपलेली असेल, म्हणून पहिली फाइल उघडायला काही सेकंद लागतील. पण ती न उघडताच राउटर रीस्टार्ट झाला तर दुसरा टप्पा पुन्हा वाचा.

वेग कमी वाटला तर आधी राउटरच्या प्रोसेसरची मर्यादा मान्य करा. यूएसबी २.०वर सेकंदाला तीसेक एमबी मिळाले तर फार चांगलं. सिनेमा बघायला त्याच्या निम्मेही पुरतात.

## ९. वाय-फाय मंदावलं तर

डिस्क लावल्यापासून २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय अडखळतंय, वायरलेस माऊस उड्या मारतोय, असं झालं तर तो भास नाही. यूएसबी ३.०च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२मध्येच त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. आपल्या इमारतींत या पट्ट्यात शेजारच्या वीस घरांचे राउटर आधीच दाटीवाटीने असतात, त्यामुळे फटका जास्त जाणवतो.

राउटरमध्ये पोर्ट यूएसबी २.०वर चालवायची सोय असेल तर ती वापरा. वेग थोडा जातो, घरभरचं वाय-फाय वाचतं. नसेल तर डिस्क अँटेनापासून दूर ठेवा, चांगल्या आवरणाची केबल घ्या, पण मीटरभरापेक्षा लांब नको, कारण लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि आपण पुन्हा विजेच्या प्रश्नावर येतो. फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर हलवा.

## १०. बाहेरून प्रवेश: बंद

राउटरच्या मेनूत ‘इंटरनेटवरून प्रवेश’ किंवा ‘एफटीपी ओव्हर इंटरनेट’ असा मोहक पर्याय असतो. तो बंद आहे ना हे डोळ्यांनी बघा. फेब्रुवारी २०१४मध्ये असूस कंपनीच्या राउटरना जोडलेल्या १२,९००हून जास्त डिस्कमध्ये परक्यांनी शिरकाव केला होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६मध्ये या प्रकरणी कंपनीशी समझोता केला. डिस्कचे मालक साधी घरगुती माणसं होती आणि त्यातल्या अनेकांना आपली डिस्क बाहेरून उघडी आहे याची कल्पनाच नव्हती.

पुण्याला गेल्यावर घरचे फोटो बघायचेच असतील तर राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट, चालू करा आणि त्यातून आत या. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर केबलवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. अशा वेळी राउटरवरचं नेहमीचं व्हीपीएन बाहेरून पोचणार नाही. त्याच्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागेल.

## ११. प्रिंटर आणि डोंगल असेल तर

प्रिंटरला राउटर ‘सपोर्ट’ करतो असं खोक्यावर लिहिलं असलं तरी तुमचं मॉडेल यादीत आहे का बघा. छपाई झाली तरी स्कॅनिंग बहुधा होत नाही. प्रिंटरला स्वतःचं वाय-फाय असेल तर त्याला राउटरच्या यूएसबीला जोडायचं कारण नाही.

पावसात फायबर तुटलं की कामाला यावं म्हणून फोर-जी डोंगल लावणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी कराव्यात: सिमचा पिन फोनमध्ये घालून काढून टाकणं, एपीएन, म्हणजे मोबाइल कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव, स्वतः टाकणं (जिओसाठी जिओनेट, इंग्रजी लहान अक्षरांत) आणि डोंगल राउटरच्या यादीत आहे याची खात्री. डोंगल आणि डिस्क एकाच साध्या हबवर लावू नका. दोघांनाही वीज लागते आणि कमी पडली की दोघंही जातात.

## १२. काढताना, आणि वीज गेल्यावर

डिस्क ओढून काढायची नाही. अ‍ॅडमिन पानावर ‘सेफली रिमूव्ह’ दाबा, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, मग केबल काढा. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, विशेषतः नेट चालत नसलं की राउटरचं बटण बंद-चालू करणाऱ्यांना. शक्य असेल तर त्या बटणावर चिठ्ठी लावा.

मुंबईत वीज क्वचित जाते, पण त्यावर विसंबता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोसळून शहर आणि आजूबाजूचा परिसर काही तास अंधारात होता, आणि इमारतीतला फ्यूज उडायला तर ग्रिडही लागत नाही. म्हणून ज्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नाही ते या डिस्कवर एकटे ठेवू नका. महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती दुसरी डिस्क कपाटात, वायर काढून ठेवा.

वीज जाऊन परत आल्यावर डिस्क दिसते पण काही लिहिता येत नाही, असं झालं तर राउटर रीसेट करू नका आणि ‘फॉरमॅट’ तर मुळीच दाबू नका. राउटरने डिस्क मुद्दाम वाचण्यापुरती उघडलेली असते, कारण तिच्यावर अपूर्ण लिखाणाची खूण आहे. ‘सेफली रिमूव्ह’ करून ती विंडोज लॅपटॉपला लावा. आधी महत्त्वाचं उतरवून घ्या. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’मधून एरर चेकिंग चालवा, ते पूर्ण होऊ द्या, इजेक्ट करा आणि राउटरला परत लावा. ईएक्सटी४ असेल तर हीच दुरुस्ती लिनक्सवर किंवा राउटरच्या स्वतःच्या डिस्क-तपासणीच्या बटणाने होते. दुरुस्तीनंतर आठवड्याभरात पुन्हा तीच खूण आली तर क्रिस्टलडिस्कइन्फो परत चालवा. तिथे ‘कॉशन’ दिसलं तर डिस्क बदला, ‘गुड’ दिसलं तर अ‍ॅडॉप्टर.